पट्ट्याचं तिसरं भोक

"वजन उतरलंय का?" डॉक्टरांनी विचारलं. तीन आठवडे खोकतेय, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. पण त्या प्रश्नासरशी माझ्या हातात पुन्हा खिळा आला.

आमच्या परळीत खोकल्याचं कुणाला नवल नाही. वीज केंद्राची राख उडते, माणसं खोकतात आणि गुळाचा खडा चघळतात. गुळानं राख खाली बसते म्हणे. ह्यांच्या गॅरेजात पान्यांशेजारीच गुळाचा डबा असायचा, त्यालाही ऑइलचा वास. ह्यांना खोकला लागला त्या साली पावसानं राख बसली, तरी खोकला बसला नाही. केजहून आलेली नणंद म्हणाली, "भाईजान, थुंकी तपासून घे."

हे हसले. "परळीत कोण खोकत न्हाई? राख हाय ती."

ती गेल्यावर ह्यांनी कमरेचा पट्टा फळीवर ठेवला. "हितं एक भोक पाड." मी खिळा धरून हातोडी मारली. ह्यांनी पट्टा आवळला, "बघ, जवान झालो," म्हणाले आणि खोकत खाली बसले. ते तिसरं भोक होतं. नणंदेला ते माहीत नव्हतं, मला होतं. टीबी कळला तेव्हा फार उशीर झाला होता.

"ॲलर्जी असेल, ॲसिडिटीही असेल," डॉक्टर सांगत होते. "टीबी असला तरी औषधानं बरा होतो. पण तपासल्याशिवाय कसं कळणार? वजन उतरलंय का?"

तोंडातला गूळ गिळून मी हात वर केला. मनगटावरचं घड्याळ घरंगळत कोपरापाशी आलं.