मंडईतल्या उंदरांचे लाडू

"सुजाता गेली," मिलिंद फोनवर म्हणाले, आणि मी विचारलं, "कुठे?" सकाळची वेळ, गॅसवर दूध, आणि आदल्याच संध्याकाळी ती नारायण पेठेतल्या माझ्या घरून लाडवांचा डबा घेऊन गेलेली. तिच्या यजमानांनी तेच पुन्हा सांगितलं, तेव्हा कुठे मला कळलं... झोपेतच हृदय थांबलं म्हणे. दूध उतू गेलं. महिना उलटला, पण खरं सांगते, अजून ते माझ्या डोक्यात शिरत नाही. पन्नाशीची, धडधाकट, दोन-दोन पायऱ्या एकदम चढणारी बाई अशी जाते? काही रीत आहे की नाही!

आम्ही कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. ती प्राणिशास्त्राची प्राध्यापक झाली, मी बँकेत चिकटले. करोनात तिची आई गेली. आईच्या उशाशी बसून सगळं हिनेच केलं, आणि हिला साधी शिंक आली नाही. "एकाच खोलीतल्या दोघींपैकी एकच का वाचते गं?" असं ती पुन्हा पुन्हा विचारायची. "आमच्या बँकेत असल्या चौकशा होत नाहीत," मी म्हणायचे. माणसांमध्ये ते शोधणं तिच्या हातात नव्हतं, म्हणून तिने उंदीर धरले. मंडईतले, अगदी खरेखुरे.

उंदरांत एक विषाणू फिरतो, रक्ताचा कर्करोग करणारा. काही उंदरांचं मात्र तो काही वाकडं करू शकत नाही. त्यांच्या कुठल्याशा पूर्वजाच्या शरीरात तसल्याच एका जुन्या विषाणूचा तुकडा अडकून राहिला, आणि तो आईबापांकडून पिल्लांना मिळत आला. "कुलपात मोडकी किल्ली अडकली की चोराची किल्ली आत जात नाही, तसं," ती सांगायची. साथीत बाकीचे मरतात, मोडक्या किल्लीवाले उरतात, त्यांची पिल्लं वाढतात. असा एखादा उंदीर पोत्यांबरोबर परगावाहून येतो, इथे संसार थाटतो, आणि काही पिढ्यांत अख्खी गल्ली सुरक्षित होते. हा तुकडा कुठून कुठे सरकतोय, ते तिला बघायचं होतं. त्यासाठी संध्याकाळी गाळ्यांमागे पिंजरे लावायचे, सकाळी उंदराच्या कानाचा कणभर तुकडा घ्यायचा, आणि उंदीर जिथे धरला तिथेच सोडायचा. दुसरीकडे सोडला तर सगळी मेहनत पाण्यात.

मंडईत धरलेला उंदीर परत सोडणारी बाई! बटाटेवाल्या मालनबाईंनी तिला काय काय ऐकवलं असेल. "शिकून डोस्कं फिरलं का तुमचं? ते माझे बटाटे कुरतडत्यात अन् तुम्ही त्यांची बाळंतपणं करताय!" सुजाता हसायची, पण गाळ्यामागे विष न टाकण्याचं वचन तिने त्यांच्याकडून घेतलंच. आणि मी? दर शनिवारी हौसेने तिला शेंगदाण्याचे लाडू करून द्यायचे. ते पिंजऱ्यात जातात, हे मला वर्षभराने कळलं. मी भडकले. "अगं, फार चोखंदळ मंडळी आहेत. विकतचा लाडू हुंगतसुद्धा नाहीत," ती म्हणाली. कौतुकच होतं, काय करणार.

ती गेली त्या दिवशी वारज्याला तिच्या घरी त्रिसरण-पंचशील म्हणून झालं, माणसं येत होती, आणि मिलिंद एकदम माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ताई, तिने काल पिंजरे लावलेत." बस्स. मला उंदराची किळस येते, भीती वाटते, तरी रिक्षा केली. आत एखादा उंदीर असला आणि तो मेला तर... तिच्या पिंजऱ्यात आजवर एकही मेला नव्हता. आज तर तो मरून चालणारच नव्हतं.

बाकीचे पिंजरे रिकामे होते. मालनबाईंच्या गाळ्यावर मात्र एक पिंजरा, त्यावर गोणपाट, आत जिवंत उंदीर. "सकाळपासून वाट बघतीय. सावलीत ठिवलाय. कुठं हायेत बाई?"

"मी सोडते," मी म्हणाले.

"तुम्ही नका. बाईंचा हाय त्यो. त्या येऊन सोडतील."

मग मला सांगावंच लागलं. "काल तर भांडून गेल्या माझ्याशी," मालनबाई म्हणाल्या आणि पोत्यावर बसल्या. थोड्या वेळाने उठल्या, मागचं पोतं सरकवलं. "हितं. हितंच धरला होता." दार मी उघडलं. उंदीर भिंतीच्या कडेने पळाला, आणि वारज्याला डोळ्यांतून टिपूस न काढलेली मी भर मंडईत हमसून हमसून रडले.

परवाच्या शनिवारी सवयीने दाणे भाजले. भाजून झाल्यावर लक्षात आलं... तिचा रागच आला मला. तरी लाडू वळले आणि डबा घेऊन मंडईत गेले. मालनबाईंनी एक उचलला, अर्धा खाल्ला. "गोड कमी हाय," म्हणाल्या. उरलेला अर्धा त्यांनी बोटांनी कुस्करला आणि मागचं पोतं सरकवलं.