आजींच्या गोधडीत तुटणारा दोरा

कुसगावच्या हॉलमध्ये ते मशीन आलं तेव्हा आधी फ्लेक्स लागला, मग मशीन बसलं. फ्लेक्सवर पाहुणे हात जोडून उभे होते आणि मशीनचा फोटो खालच्या कोपऱ्यात होता, पोस्टाच्या तिकिटाएवढा. माझी बायको बँकेतून निवृत्त झाल्यापासून तिथल्या महिला गटाचं काम बघते. गटातल्या बायका गोधड्या शिवतात आणि लोणावळ्याला येणारे लोक त्या चिक्कीबरोबर घेऊन जातात. एका कंपनीने गटाला हे मशीन दिलं होतं. उद्घाटनाच्या भाषणात मावळची गोधडी साता समुद्रापार जाऊन परतही आली. मग पाहुण्यांनी हँडल धरून एक रेघ शिवली. ती ओढ्यासारखी वाट फुटेल तिकडे गेली. तो तुकडा फ्रेम करून अजून भिंतीवर लावलेला आहे, आणि नव्या येणाऱ्या बायकांना 'असं शिवायचं न्हाई' म्हणून दाखवतात.

मशीन मात्र चांगलं होतं, हे मला मान्य करावं लागतं. साध्या शिलाई मशीनवर आपण कापड सुईखालून सरकवतो. इथे सगळं उलट. खोलीभर लांबीच्या लोखंडी चौकटीवर गोधडी ताणून बांधायची आणि लांबलचक हाताचं ते मशीनच रुळांवरून तिच्यावर फिरवायचं, दोन्ही मुठींनी औत धरावं तसं. त्याच्याबरोबर आलेली माहितीपुस्तिका इंग्रजीत होती आणि जाडजूड होती. मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला. पुस्तक जाड आहे म्हणून घाबरायचं नाही, एवढी एकच पात्रता माझ्याकडे होती. तेवढ्यावर माझी नेमणूक झाली.

गटात ते सगळ्यांत सफाईने चालवायच्या त्या एक मावशी. डोंगराच्या अंगाला असलेल्या वाडीवरून रोज खाली यायच्या. पावसाळा सरत आला असताना एका सकाळी त्या खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळून आपल्या आईची गोधडी घेऊन आल्या.

आजींनी, म्हणजे मावशींच्या आईने, ती स्वतःच्या लुगड्यांची घातली होती. गोधडी कडेपासून आत शिवत जातात, चौकोनी फेरे घेत घेत, मध्यापर्यंत. आजींचे फेरे निम्म्याच्या पुढे आले आणि डोळे गेले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण तोवर हात थरथरायला लागला होता. मधला भाग मोकळाच राहिला. चार बाजू पक्क्या, आणि मध्ये लुगड्यांचे थर एकमेकांवर नुसते टेकलेले.

माझ्या बायकोने विचारलं की गटातल्या कुणीही बसून दोन-चार दिवसांत ही पुरी केली असती, मशीन कशाला. मावशी म्हणाल्या, चालत नाही. ज्या हाताने गोधडी शिवायला धरली त्याच हाताने ती पुरी व्हायची, असं आजींचं म्हणणं. दुसऱ्याचा हात लागला की ती दुसऱ्याची होते. मावशींनी स्वतः एकदा गुपचूप टाके घातले होते. आजींनी बोटांनी चाचपून ते बरोबर ओळखले आणि उसवायला लावले.

"मग मी म्हनले, आय, मशिनीला कुटं हात असतो," मावशी म्हणाल्या. "त्यावर तिनं गोधडी चाचपून घडी घातली. मग म्हनली, न्हे मशिनीवर."

मला हा युक्तिवाद फार आवडला. मी बऱ्याच विद्वान लोकांना याहून लंगडे युक्तिवाद व्यासपीठावरून करताना ऐकलं आहे.

"ह्या थंडीत अंगावर घ्यायची म्हनती," मावशी गोणीची घडी घालत म्हणाल्या. "फुडल्या थंडीचं बोलतच न्हाई."

बायकोने सांगितलं, एका दुपारचं काम आहे. तिने ते मनापासून सांगितलं, आणि मीही मान हलवली.

गोधडी चौकटीवर चढली. मावशींनी हँडल धरलं, मशीन थोडं पुढे गेलं आणि वरचा दोरा तुटला. त्यांनी तो पुन्हा ओवला. दोन-तीन विती गेलं, पुन्हा तुटला. दोरा तुटण्याचा आवाज असा काही नसतो. मशीन तसंच खडखडत पुढे जात राहतं, टाके पडल्यासारखं दिसतं, आणि मग लक्षात येतं की मागे कापडावर नुसती भोकं आहेत.

मी पुस्तिका उघडली. दोरा तुटण्याला त्यात एक अख्खं प्रकरण होतं, आणि ते वाचताना असं वाटत होतं की लिहिणाऱ्याला दोरा न तुटण्याचंच आश्चर्य वाटतं. ओवताना एखादी कडी चुकली असेल. दोऱ्यावरचा ताण जास्त असेल. सुई बोथट असेल, किंवा उलटी बसली असेल, किंवा दोऱ्याच्या मानाने बारीक असेल. खालच्या बॉबिनच्या डबीत धूळ असेल. हात फार वेगाने चालत असेल. दोरा जुना असेल. आम्ही एकेक करत गेलो. दोरा काढून पहिल्यापासून ओवला. ताणाची चकती सैल केली, तर खालून दोऱ्याचे झुबके निघाले, म्हणून परत आवळली. सुई बदलली. नव्या सुईवर मशीन जरा लांब गेलं आणि बायको माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागली की या माणसाचा शेवटी काही उपयोग आहे. मग तुटला.

जाड सुई लावली. दोऱ्याचं नवं रीळ लावलं. डबी काढून ब्रशने झाडली, खाली तेलाचा थेंब सोडला. प्रत्येक उपायानंतर ते थोडं जास्त चालायचं, आम्हाला आशा लावण्यापुरतं.

शेवटी पुण्याच्या तंत्रज्ञाला फोन केला. हा उद्घाटनाच्या दिवशी आला होता आणि फोटो काढून होताच गेला होता. तो म्हणाला, "सर, तुमच्याकडची हवा. दमट आहे. दोरा ओल धरतो." ज्या हवेसाठी लोक गाड्यांच्या रांगा लावून घाट चढतात ती हवा आमचा दोरा तोडते, हे मी ऐकून घेतलं. मग त्याने व्हिडिओ मागितला. गोधडीवर नको, दोरा कसा चालतो ते नीट दिसत नाही, साध्या कापडाच्या तुकड्यावर चालवा म्हणाला. आम्ही तुकडा लावला. मशीन एखाद्या गुणी मुलासारखं तुकड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि दोरा एकदाही तुटला नाही. त्याने व्हिडिओ पाहून अंगठा पाठवला.

गोधडी लावली. तुटला.

असे बरेच दिवस गेले. इतर कामं करायची, मध्येच आजींची गोधडी चढवायची, थोडी शिवायची, उतरवायची. मावशी रोज सकाळी आल्या की आधी सांगायच्या की आजींनी विचारलं. आजी काय विचारतात, तर झाली का, एवढंच. मग आजींनी विचारणं सोडलं आणि मावशी ते सांगायला लागल्या, की आज काही विचारलं नाही. ते ऐकायला जास्त जड जायचं. धुकं लवकर उतरायला लागलं होतं. शेजारच्या बंगल्यातलं पोहण्याच्या तलावाभोवतीचं गाणं-बजावणं कमी झालं होतं, आणि हॉलमध्ये बसून काम करताना बायका पायावर काहीतरी घ्यायला लागल्या होत्या.

मी ब्रशने डबी झाडायचं काम फार इमानाने करत होतो, कारण मला जमणारं तेवढंच होतं. प्रत्येक वेळी फिकट, पांढुरकी भुकटी निघायची. तंत्रज्ञ म्हणाला होता की जुन्या सुती कापडाची धूळ असते, निघणारच. मी ती वर्तमानपत्रावर झटकायचो आणि कागद बाहेर नेऊन रिकामा करायचो. एकदा बायको चष्मा लावून शेजारी बसली होती. तिने कागदावरून बोटाच्या टोकाने काहीतरी उचललं. सोनेरी, खडबडीत, नखाएवढंही नाही.

"अहो, हे कापड नाही."

मावशी वाकून बघायला आल्या. "तूस हाय," त्या म्हणाल्या. "भाताचं."

भाताचं तूस शिलाई मशीनमध्ये कुठून आलं, हे मी विचारलं. मावशींनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं.

"गोधडीतलंच की. आयनं घातलंय न्हवं पोटात."

मग ते सगळं बाहेर आलं. आजींच्या घरी गोधडीचे थर मांडताना मधल्या भागात, म्हणजे तिच्या पोटात, आपल्या शेतातलं नवं भात टाकतात, सालासकट. मूठभर. उपाशी गोधडी ऊब देत नाही. हाताने शिवताना सुई दाण्याला लागते, शिवणारी जरा बाजूने जाते. आमचं मशीन कुणाच्या बाजूने जाणारं नव्हतं. सुई धाडकन दाण्यावर बसायची, वाकायची, तिचं टोक खरबरीत व्हायचं आणि तेच टोक दोरा कातरायचं. तुकड्याच्या पोटात काही नव्हतं, म्हणून तुकडा शिवला जायचा.

बायकोने विचारलं, मावशी, हे आधी का नाही सांगितलं. मावशींना प्रश्नच नीट कळला नाही. त्या म्हणाल्या, "त्यात काय सांगायचं, ताई? सगळ्याच गोधडीत असतंय आमच्या." थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाल्या, "एवढं लोखंड. त्याला चार दाणं जड झालं."

कारण सापडलं की प्रश्न सुटतो, असं पुस्तिकेत गृहीत धरलेलं होतं. आम्ही पुन्हा नवी सुई लावली आणि साध्या तुकड्यावर चालवून पाहिलं. आता तिथेही दोरा तुटला. वाकलेली सुई इतक्या वेळा दोरा पकडणाऱ्या खालच्या हुकावर आदळली होती की हुकावर ओरखडा पडला होता. बोट फिरवलं की लागायचा, आणि दोरा त्यातच अडकून तुटायचा. मी तसा व्हिडिओ पाठवला. तंत्रज्ञ खूश झाला. आता दिसतंय म्हणाला, आणि हुक बदलायला लागेल, बाहेरून मागवावा लागेल, वेळ लागेल.

हुक आला तरी भात होतंच. म्हणून आम्ही तिघं वाडीवर गेलो, गोधडी त्याच गोणीत घालून. गाडी खालीच सोडावी लागते. बायको सबंध चढणभर बोलायची वाक्यं जुळवत होती, ते मला तिच्या चालण्यावरून कळत होतं.

आजी दाराशी उन्हाला बसल्या होत्या, ऊन फारसं नव्हतं तरी. त्यांनी गोधडी मांडीवर घेतली आणि बोटं फिरवत फिरवत आत गेल्या. स्वतःचे फेरे संपले तिथे थांबल्या. पुढे मशीनची बारीक शिवण लागली.

"हे मशिनीचं?"

"हो आजी."

"मुंगीवानी हाय," त्या म्हणाल्या. चांगलं की वाईट ते कळलं नाही.

बायकोने सगळं सांगितलं. मशीन बिघडलं आहे. ते दुरुस्त होईल, पण भात काढावं लागेल. बाजूची थोडी शिवण उसवून दाणे काढू, मग मशीन शिवेल, थंडी वाढायच्या आत कदाचित होईल. तिने कदाचित हा शब्द वापरला, आणि बँकेत तिने तो कधी वापरला नसावा.

आजींनी बोटांनी मधले दाणे चाचपले. मग म्हणाल्या, "भात काडल्यावर ऱ्हायलं काय हिच्यात? जुनी लुगडीच की."

"मग मी हाताने शिवते," बायको म्हणाली. "दाणे तसेच ठेवून. तुम्ही सांगाल तसं."

आजींनी तिचा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, तळव्यावरून अंगठा फिरवला, गिऱ्हाइकाने कापड बघावं तसा.

"हात चांगला हाय," त्या म्हणाल्या. "पन तुमचा हाय."

मावशी चिडल्या. आयला समजत नाही, सगळ्यांना डोंगर चढायला लावते, लोकांचं मशीन मोडलं. मधलं सगळं सरकून पायाशी गोळा होईल, मग थंडीत काय पांघरणार, असं त्या एका दमात बोलल्या. आजी ऐकून घेत होत्या. आपण तरुणपणी किती जणींना असंच बोललो असू, याचा हिशेब केल्यासारखा चेहरा होता.

"हुईल गोळा," एवढंच त्या म्हणाल्या.

मी रिकामी गोणी झटकून तिची घडी घातली.

आजींनी गोधडी पायांवर ओढली. आतले थर सरकल्याचं वरून दिसलं, मधला भाग खचला. त्यांनी मधोमध हात ठेवला, वरचं कापड, आतली लुगडी आणि खालचं कापड सगळं मिळून मुठीत गच्च धरलं.

"असं धरून निजन," त्या मावशींना म्हणाल्या. मग आम्हाला म्हणाल्या की धुकं खाली येतंय, वाट दिसायची नाही, निघा.

मावशी चहा ठेवते म्हणाल्या, आम्ही नको म्हटलं. पायवाटेवर आल्यावर मी मागे पाहिलं. आजी तशाच बसल्या होत्या, मूठ आवळून. झोपेत मूठ सुटते, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं.