गाडी वळेल एवढी जागा

आमच्या बेटावरची बातमी पालघरला येते ती सकाळच्या एसटीने. त्या दिवशी मी पाचवीच्या वर्गावर होते. कंडक्टर दारात येऊन उभा राहिला. "बाई, भागीकाकी पहाटे गेली," म्हणाला, आणि जरा थांबून, "परतीच्या गाडीत तुमची जागा धरून ठेवतो." दीड महिना होत आला, पण काकी आठवली की त्याचा तो उतरलेला चेहरा आधी डोळ्यांसमोर येतो. तो तिच्या नात्याचा ना गोत्याचा...

भागीरथी माझी चुलती. काका तापाने गेला तेव्हा तिची रत्ना लहान होती. बेटावर शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर खाडी ओलांडून पालघरजवळच्या माहीमला जायचं. भरतीला होडी, ओहोटीला मांडीभर चिखल. रत्ना हुशार होती. एक पावसाळा तिने काढला, चिखलाने माखलेलं दप्तर घेऊन अर्ध्यातून परतली, मग गेलीच नाही. तिला चिंचणीला देऊन टाकली. रत्नाची पुस्तकं मात्र काकीने कुणाला दिली नाहीत.

पुढे खाडीवर बांध झाला, त्यावर रस्ता आला. गावाने गाडीसाठी अर्ज केला आणि डेपोतून दोन साहेब पाहणीला आले. रस्ता त्यांना पसंत पडला, पण बेटावर गाडी वळवायची कुठे? अख्ख्या बांधावरून गाडी काही मागे मागे नेता येणार नाही. मोकळी जागा एकच, आमचं खळं. तिथे बांबूंवर दोऱ्या ताणून आम्ही बोंबील सुकवायचो. अर्धं माझ्या बाबांचं, अर्धं काकीचं.

"बोंबील काय डोक्यावर सुकवू?" बाबा साहेबांसमोरच कडाडले.

"भाऊजी, तुमचं तुमी ठेवा," पदर सावरत काकी म्हणाली. "माझा वाटा मी देते."

"आणि खाशील काय?"

"ओलं म्हावरं विकीन. गाडी आली तर पालघरच्या बाजारात ताजं पोचल." मग तिने माझ्याकडे बोट केलं. "माझी रत्नी घरी बसली. ही नाय बसायची."

बाबा उठून गेले. त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. सामायिक भिंत, एक विहीर, पण शब्द नाही. आपल्या वाट्याचे बांबू काकीने एकटीने उपटले. मी मदतीला जाऊ लागले तर बाबांनी हाक मारून मला घरात घेतलं.

गाडी आली त्या दिवशी सगळं बेट खळ्यावर लोटलं होतं. मागचं चाक काकीच्या पडवीला लागतंय की काय असं वाटलं, पण गाडी वळली. मी त्या गाडीने शाळेत गेले, त्याच गाडीमुळे शिक्षिका झाले. संध्याकाळची गाडी मुक्कामी असायची. ड्रायव्हर-कंडक्टर काकीच्या पडवीत झोपायचे आणि तिच्या हातचं गरम कालवण-भाकरी जेवायचे. "परक्याची पोरं हायत, उपाशी कशी झोपतील?" ती म्हणायची. तिचे सुरुवातीचे दिवस मात्र फार ओढाताणीचे गेले. ओलं म्हावरं कधी विकलं जाई, कधी उन्हात वाया जाई.

पुढे बाबांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला आणि पालघरच्या दवाखान्यात जायची पाळी आली. गाडी भरलेली. रिकामी जागा फक्त काकीशेजारी. तिने म्हावऱ्याची पाटी पायाशी ओढली, बाबा बसले. बांध संपेपर्यंत दोघंही समोर बघत होती. मग बाबा म्हणाले, "भागी, खिडकी लाव. वारा लागल तुला." हे मला सांगताना काकी पोट धरून हसली होती. "म्हातारा बोलला गो एकदाचा!" आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

तिचं तेरावं झालं त्या संध्याकाळी मी घरीच होते. मुक्कामी गाडी आली, वळली, थांबली. ड्रायव्हर खाली उतरला आणि काकीच्या बंद दारापुढे घुटमळला. ओसरीवर बसलेले बाबा काठी टेकत उठले.

"इकडं या," ते म्हणाले. "हात धुवा. पानं आमच्याकडं मांडलीत."