आमच्या घरची हनुवटी

पाळन्यातनं आवाज येत व्हता. घोरल्यावानी, पन मधीच तुटायचा. बायका पाळना म्हनीत व्हत्या, त्या कालव्यात कुनाला ऐकू येनार? मला आला. त्यो आवाज मी आदी एकदा ऐकला व्हता.

वळसंगला सुनंच्या माहेरी नातीचं बारसं व्हतं. मी आन माजा ल्योक सोलापूरच्या शुक्रवार पेठेतनं सकाळच्या यष्टीनं गेलो व्हतो. बाळाची हनुवटी आत हाय, सोलापूरला मोट्या डाक्टरला दावा, असं नर्सबाईनं बाळंतपनातच सांगितलं व्हतं. पन बारसं झाल्याबिगर पोर येशीभाईर न्यायचं न्हाय, असं सुनंच्या आईनं, म्हंजी माज्या ईनबाईनं ठरवलं. तवर अंगूळ घालनारी बाई रोज तेलाच्या बोटानं हनुवटी पुडं वडायची. सून फोनवर म्हनायची, "आत्याबाई, प्यायला लागली की दमती ओ. नाकातनं दूध येतंय."

आता पोरगी उतानी निजवली व्हती. आवाज तुटला, ह्या बारीला परत आलाच न्हाय. मी वाकून बगितलं. व्हट जांबळे.

मी पोरगी उचलली आन हातावर पालथी घेतली. जीब पुडं आली आसंल, एकदम श्वास गेला आत, आन रडली. पाळना म्हननाऱ्या बायका गप झाल्या.

ईनबाई म्हनाल्या, "अवं, नाव ठिवायच्या आदी पाळन्यातनं काडत्यात व्हय?"

"गाडी बगा कुनाची तरी."

"पोरगी झाली म्हनून आवडली न्हाय का तुमाला?"

"आवडली म्हनूनच उचलली. गाडी बगा."

शेजाऱ्याची जीप मिळाली. ल्योक म्होरं बसला, आमी तिगी मागं. पोरगी माज्या मांडीवर पालथी, माजा हात तिच्या पाटीवर. गतिरोधक आला की मी हाताखाली तिचा श्वास हाय का बगायची. ईनबाई रागाला आल्या की कानडीत बोलत्यात, वाटंतलं कुंभारी गाव येईपतोर त्या तशाच बोलत व्हत्या. मंग मराठीत म्हनाल्या, "पालथं निजवल्यावर गुदमरंल की पोर. सरळ करा." आन हात घातला.

"हात लावू नका," मी म्हनलं.

सून एकडाव माज्याकडं बगायची, एकडाव आईकडं. शेवटी म्हनली, "आये, ऱ्हाऊ दे." तवा त्यांनी हात काडला.

का हात लावू दिला न्हाय ते सांगती. माजी पैली लेक अशीच घोरायची. मालक चादरीच्या मागावर कामाला, मी टावेल शिवायला कारखान्यात, पोरगी सासूपाशी. समदी म्हनायची, हनुवटी न्हाई पोरीला, पाखराच्या पिलावानी दिसती. एक दिवस दुपारच्या सुट्टीत पाजायला आले तर सासू दारात बसून गहू निवडत व्हती. म्हनली, "आज लई गुनानं निजलीया, आवाज बी न्हाय." मला बी वाटलं, बरं झालं. हात धुऊन मी पाळन्यापाशी गेले.

माती झाल्यावर सासू म्हनली, पोरगी पोटात असताना गिरान लागलं तवा तू कातर धरली व्हतीस. धरली व्हती की. टावेलाचे दोरे कातरल्याबिगर पगार कोन देनार? फुडं ल्योक झाला, त्याची बी हनुवटी आत. त्याला मी उताना निजवलाच न्हाय, खांद्यावरच ठिवला. कशानं जगला ते मला कळलं न्हवतं. आज कळलं.

सोलापूरच्या मोट्या दवाखान्यात पोरगी आत नेली. नाकातनं नळी घातली, पालथीच निजवली. डाक्टरीनबाई भाईर आल्या, तरन्याच व्हत्या. म्हनाल्या, "आजी, पालथं कुणी आणलं?"

मी हात वर केला.

"चांगलं केलंत. तिचा खालचा जबडा पोटातच वाढला नाही. त्यामुळं जीभ वर राहिली, टाळू जुळलीच नाही, मागं फट आहे. उताणं ठेवलं की जीभ घशात पडते. दोन दिवस बघू. पालथं ठेवून श्वास पुरला तर ठीक. नाही पुरला तर ऑपरेशन करावं लागेल." मंग आमच्याकडं एकेकाच्या तोंडाकडं बगत म्हनाल्या, "घरात अशी हनुवटी कुणाची आहे?"



"आमच्यात कुनाची न्हाय," ईनबाई म्हनाल्या. "हिनं गिरानात भेंडी चिरली. मी सांगितलं व्हतं, चिरू नगं."

सून मान खाली घालून बसली. तिची बाळंतपनाच्या टाक्यांची दुखनी अजून गेली न्हवती, आन डोक्यावर भेंडी घिऊन बसली व्हती पोर.

"ग्रहणाचा काही संबंध नाही," डाक्टरीनबाई म्हनाल्या. "लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा कुणाला?"

माजा ल्योक भुईकडं बगत व्हता. त्याच्या डोळ्यावर तसाच चष्मा. मिसरूड फुटल्यापास्नं दाढी ठिवल्याली, छातीपतोर न्हाई पन दाट. लग्नात बी काडली न्हाई. त्याच्या बायकूनं त्याची हनुवटी कदी बगितली न्हवती.

मी म्हनलं, "बाई, माज्या मालकाला व्हता चष्मा. हनुवटी बी अशीच. फुडं एका डोळ्याम्होरं काळा पडदा आला. तुटल्यालं सूत दिसंना, म्हनून मागावरनं काडलं. पैल्या लेकीची हनुवटी अशीच व्हती. ती गेली."

"आई, कशाला हितं," ल्योक हळू म्हनला.

"दाढी काडून ये."

"काय?"

"सात रस्त्याच्या चौकाकडं न्हाव्याची दुकानं हायती. जा. बाईस्नी बगू दे."

त्यो बायकूकडं बगत ऱ्हायला. ती मान वर करंना. मंग उटला आन गेला.

त्यो येईस्तवर आमी बाकावर बसलो. आतनं यंत्राचा टीक टीक आवाज येत व्हता. त्यो थांबला की आमी तिगी बी दाराकडं बगायचो. ईनबाईनी आपल्या पिशवीतनं बारशाच्या घुगऱ्या काडल्या, माज्याम्होरं धरल्या. मी मूठभर घेतल्या, आन मुटीतच धरून बसले.

ल्योक आला. दाढीखालचं कातडं पांढरंफेक, आन हनुवटी गळ्यात गेल्याली. अगदी त्याचा बाप. डाक्टरीनबाईनी त्याला एका अंगानं उबा करून बगितलं, मान हालवली.

ईनबाई म्हनाल्या, "लग्नात दाढी ठिवली ती ह्याच्यासाटी व्हय."

सून तवा बोलली. "काडली असती तर लग्नाला लवकर व्हय म्हनले असते मी. किती टोचती." आन रडाय लागली. पन हे रडनं दुकाचं न्हवतं.

डाक्टरीनबाईनी सांगितलं, शरीर कसं घडायचं ते आईबापाकडनं येतं, त्यात एका जाग्याला चूक हाय. मी माज्या परीनं समजून घेतलं. चादरीच्या मागाला नक्षीचे पुठ्ठे असत्यात, भोकं पाडल्याले. एक भोक चुकलं की हरेक चादरीत चूक तितंच येती. गडद सुतावर डोळ्यात भरती, फिक्क्यावर दिसत बी न्हाय. बापाकडं असे दोन जोड, एक धड, एक चुकल्याला. लेकराला कुटला जाईल ते कुनाच्या हातात नसतं. लेकाचे डोळे बी तपासून घ्या म्हनाल्या, डोळ्याच्या आतला पडदा सुटायच्या आदी. ते मालकाला कुनी सांगितलं न्हवतं.

मी इचारलं, "मंग कातरीनं न्हाय ना?"

"कसल्या कातरीनं, आजी?"

"काय न्हाय," मी म्हनलं.

दोन दिवस गेले. श्वास पुरला. जबड्याचं ऑपरेशन लागलं न्हाई. टाळूचं करायचं हाय, पोरगी जरा वाडली की. नाव दवाखान्यातच ठिवलं, पालथीच्याच कानात. कुर्रर्र ईनबाईनी केलं.

आता ती घरी हाय. हनुवटी थोडी पुडं येतीया. दुपारी बापाच्या छातीवर पालथी निजती, त्यो दाढी ठिवत न्हाय आता. घोरनं बी कमी झालंय. सून म्हनती, "आत्याबाई, आवाज न्हाय आला तर चांगलंच की. डाक्टरीनबाईनीच सांगितलंय."

व्हय, म्हनती मी. आन उटून पाटीवर हात ठिवून बगती.