दोन मानांच्या गिटारची चौकशी

"स्वल्प विचारून बघू या," असं म्हणून ते तर्जनी नाकाच्या शेंड्याला लावत. एकदा बोट तिथं टेकलं की मग ब्रह्मदेव आला तरी ते विचारल्याशिवाय राहत नसत.

त्यांना सगळे अण्णा म्हणत. मूळचे निपाणीकडचे, पण बंगळूरला येऊन इतकी वर्षं झालेली की त्यांच्या मराठीत कानडी कुठं शिरते आणि कुठून बाहेर पडते ते त्यांचं त्यांनाही कळत नसे; ते 'स्वल्प'ही कानडीतलंच, म्हणजे थोडंसं. यशवंतपूरला त्यांचं बैठं घर होतं. एका सरकारी कारखान्याच्या स्टोअरमध्ये ते नोकरीला होते. मी त्याच कारखान्यात पुण्याहून नुकताच इंजिनिअर म्हणून आलो होतो आणि त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. पन्नासचं दशक संपत आलं होतं. आपण आलो आहोत म्हणजे आता या कारखान्याचं काही खरं नाही, आता तो सुधारणारच, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

अण्णांचं खरं काम मात्र कारखान्याबाहेरचं. सांगली, बेळगाव, पुणे इकडच्या एखाद्या मुलीला बंगळूरचं स्थळ सांगून आलं की मुलीचा बाप अण्णांना गाठायचा आणि अण्णा मुलाची चौकशी करायचे. रविवारी सकाळी छत्री घेऊन निघायचे. मुलाच्या घरी कधीच जायचे नाहीत. इस्त्रीवाला, दूधवाला, समोरच्या घरातली म्हातारी, एवढ्यांना भेटायचे. प्रश्न ठरलेले आणि त्यांचा क्रमही ठरलेला. घरात कोण कोण? स्वभाव कसा? व्यसन? तब्येत? आणि शेवटी आवाज उतरवून, "मागचं काही?"

तुम्हीही अशी चौकशी करणारी माणसं पाहिली असतील. त्यातली निम्मी मीठमसाला लावतात, उरलेली गोडगोड बोलून मोकळी होतात. अण्णा खोटं एक अक्षर बोलत नसत आणि खरंही गरजेपुरतंच सांगत. माझीही चौकशी त्यांच्याकडे आली होती. त्यांनी काय कळवलं ते त्यांनीच मला न्हाणीघराबाहेर टॉवेल खांद्यावर असताना सांगितलं. "मुलगा निर्व्यसनी, नोकरी पक्की. आपल्याला सगळं कळतं असं त्याला वाटतं, पण ते लग्नानंतर जाईल, असं सांगितलं की हो." ते लग्न जमलं नाही. मला राग यायला हवा होता, पण अण्णा इतक्या प्रेमानं बघत होते की मी साबण मागितला आणि आत गेलो.

एका रविवारी अण्णा लष्कराच्या भागात, म्हणजे त्यांच्या भाषेत दंडूत, लिलावाला गेले. गोरे आणि अँग्लो-इंडियन लोक देश सोडून जाताना घरातलं सामान लिलावात काढत. अण्णांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या अक्कांना, आरशाचं कपाट हवं होतं. दुपारी जटक्यातून, म्हणजे तिकडच्या टांग्यातून, अण्णा उतरले ते हातात दोन मानांची गिटार घेऊन.

"कपाट कुठंय?" अक्का म्हणाल्या.

"पुढच्या आयतवारी."

"आणि हे काय? याला दोन-दोन माना कशाला?"

"तेच स्वल्प विचारून बघायचं आहे."

झालं होतं असं, की लिलावातल्या हमालानं ती मानेला धरून उचलली आणि टेबलाच्या कडेवर आपटली. अण्णांना ते बघवलं नाही आणि त्यांचा हात आपोआप वर गेला. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नसे. भजनातसुद्धा त्यांची टाळी एक घर मागं पडायची.

मी गिटारकडे एक नजर टाकली आणि लगेच व्याख्यान द्यायला लागलो. ही विजेवर चालणारी गिटार आहे, हिचा आवाज रेडिओसारख्या यंत्रातून येतो, वरच्या मानेला बारा तारा आणि खालच्या मानेला सहा. मागं एक चकचकीत धातूची पट्टी होती, तिच्यावर एका अमेरिकन शहराचं नाव कोरलेलं होतं. तेवढ्यावरून मी ती गिटार अमेरिकेत बनली, जहाजानं मुंबईला उतरली आणि एखाद्या गोऱ्या सैनिकाबरोबर बंगळूरला आली, इथपर्यंतचा इतिहास उभ्या उभ्या रचला. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या कँटीनमध्ये मी तो पुन्हा सांगितला, तेव्हा त्यात एक युद्धही आलं.

अण्णा मात्र खांद्यावरचा चामडी पट्टा न्याहाळत बसले होते. "हा नवीन दोऱ्यानं शिवलाय बघा की. विकायच्या वस्तूचा पट्टा कोणी शिवून घेतं काय? ज्याची आहे त्यानं हौसेनं दिलेली नाही ही. मालक शोधायला पाहिजे. हवी असली तर परत द्यायची."

"आणि नाही सापडला तर?"

"तर तुम्हाला. तोवर तुमच्याच खोलीत असू दे."

इथून माझी पंचाईत सुरू झाली. मला ती गिटार हवीशी झाली. मला वाजवता येत नव्हती, पण ती खोलीत भिंतीला टेकून उभी असली की बाहेरून आल्यावर मला एकदम कोणीतरी मोठा झाल्यासारखं वाटायचं. आरशासमोर ती गळ्यात घालून उभं राहायचा सराव मी केला. तो बराच जमला. मग एकदा मी ती माझ्या रेडिओला जोडली. इंजिनिअर होतो ना! रेडिओतून एक घोगरा आवाज निघाला, मग धूर निघाला आणि घरातले दिवे गेले. अक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अय्यो, झालं का वाजवून?" मी हो म्हणालो.

मालक सापडू नये असं मला मनापासून वाटत होतं आणि त्याला शोधायला अण्णांबरोबर मीच जात होतो. कारण अण्णांचं इंग्रजी ऑफिसपुरतं होतं आणि माझं चांगलं आहे असं मीच त्यांना सांगून ठेवलं होतं.

लिलाववाल्यानं एवढंच सांगितलं, की सामान कॉक्स टाउनमधल्या एका घरातलं होतं आणि ते कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं. "गेलं म्हणजे संपलं," मी म्हणालो. मनात मांडे तयारच होते. पण अण्णांचं बोट नाकाला लागलं.

पुढच्या रविवारी आम्ही कॉक्स टाउनला. गिटार माझ्या खांद्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेली. अण्णांनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून सगळीकडे बघून घेतलं आणि पाव-केकच्या एका छोट्या दुकानात शिरले. दुकानात जाड चष्म्याची एक म्हातारी बाई होती. ती अँग्लो-इंडियन, पण कानडी अण्णांपेक्षा फर्डी बोलत होती, तेव्हा माझ्या इंग्रजीचं काम दारातच संपलं.

"इथं गिटार वाजवणारे कोणी राहायचे का?" अण्णांनी विचारलं.

"राहायचे कशाला, राहतो की! शेवटच्या घरात. बहीण गेली ऑस्ट्रेलियाला, हा राहिला."

मी चादरीची गाठ घट्ट केली. अण्णांना मात्र चौकशीचा माणूस सापडला होता, आणि मग वर्षानुवर्षांची सवय आपोआप पुढं झाली. "घरात कोण कोण?"

"एकटाच आहे बिचारा."

"स्वभाव कसा?"

"सोनं आहे हो."

"व्यसन?"

"दारू सोडली. हॉस्पिटलातून आला तेव्हापासून एक थेंब नाही."

"तब्येत?"

"आता छान. जिने चढतो."

"मागचं काही?"

बाईनं चष्मा काढून पुसला. "लग्न नाही केलं कधी. पण मन फार मोठं आहे." मग ती माझ्याकडे वळून फारच गोड हसली आणि म्हणाली, "कोणासाठी स्थळ बघताय, धाकट्या बहिणीसाठी की भाचीसाठी?" अण्णा समजावून सांगायला तोंड उघडतात तोवर तिनं मागच्या दारातून कोणाला तरी हाक मारून शेवटच्या घरी निरोप धाडलासुद्धा. वर आम्हाला एकेक केक दिला. मी माझा खाल्ला. अशा वेळीही मला भूक लागते.

शेवटच्या घराचं दार उघडलं तेव्हा समोर साठीचे एक उंच गृहस्थ उभे होते. काळा सूट, टाय, केस पाणी लावून मागं वळवलेले, कॉलरमध्ये मान दोन बोटं सैल. घरात एक खुर्ची होती आणि ती त्यांनी आमच्यासाठी पुसून ठेवली होती. आपल्याला स्थळ सांगून आलंय या कल्पनेनं ते इतके लाजले होते की आम्हा दोघांना कुठं बघावं ते कळेना. अण्णांच्या आयुष्यात चौकशीच्या घरात शिरण्याची ही पहिलीच वेळ.

"सर," ते इंग्रजीत म्हणाले, "मी आधीच सांगतो, मी आता कमावत काही नाही."

मी उत्तर द्यायच्या ऐवजी चादर सोडली.

त्यांनी टाय सैल केला. मग ते जमिनीवरच बसले, सुटासकट. गिटार मांडीवर घेऊन त्यांनी दोन्ही मानांवरून हात फिरवला, आणि पट्ट्याची नवी शिवण अंगठ्यानं चाचपली. अण्णा मला हळूच म्हणाले, "काही विचारू नका स्वल्प." विचारू नका असं अण्णा म्हणालेले मी तेवढं एकदाच ऐकलं.

मग त्यांनी आपण होऊनच सांगितलं. ते आणि त्यांचा एक मित्र क्लबांमध्ये वाजवत. मित्र इंग्लंडला कायमचा गेला, जाताना आपली गिटार ठेवून गेला. एकट्यावर दोघांचं वाजवायची वेळ आली. तेव्हा त्यांनी जेवणाच्या टेबलाची फळी कापून गिटारचं नवं अंग घडवलं आणि मित्राच्या गिटारची मान वर, आपली खाली, अशा दोन्ही माना त्याला बसवल्या. पुढं ते आजारी पडले, हॉस्पिटलात गेले. बहीण जहाजाच्या तारखेला बांधलेली. हा काही आता उठत नाही असं तिला वाटलं. "तिचं चुकलं नाही," ते म्हणाले, "डॉक्टरांनाही तसंच वाटत होतं." ते घरी आले तेव्हा बहीण गेली होती आणि सामानही.

"म्हणजे ही अमेरिकेची नाही?" मी विचारलं. प्रसंग काय, आपण विचारतो काय!

"ती पट्टी ना? फुटलेल्या रेफ्रिजरेटरची आहे. मला दिसायला आवडली."

कँटीनमधल्या युद्धाचं काय करायचं, हा विचार पहिला माझ्या डोक्यात आला. दुसरा आला तो मात्र बरा होता. ती गिटार त्यांच्या मांडीवर जशी बसली होती तशी माझ्या गळ्यात एकदाही बसली नव्हती, आरशातसुद्धा नाही. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, आणि तरी ती उचलून परत न्यावी असं एकदाही वाटलं नाही.

ते गृहस्थ वाजवायला गेले, पण आजारानं बोटं थरथरत होती. त्यांनी हात मागं घेतला. "ख्रिसमसला या. तोवर हात तयार करतो. तुम्हाला ऐकवल्याशिवाय ही माझी झाली असं मी म्हणणार नाही."

मी ते अण्णांना मराठीत सांगितलं. "सरी," अण्णांनी कानडीत होकार दिला, "येऊ की."

परतताना अण्णा छत्री फिरवत चालत होते. "तुमच्यासाठी दुसरं काहीतरी बघू," ते म्हणाले, जसं मोडलेल्या लग्नानंतर मुलीच्या बापाला सांगतात तसं.

ख्रिसमस आला. अण्णांच्या स्टोअरमध्ये वर्षअखेरची मोजदाद होती. पुढच्या ख्रिसमसला बेळगावची एक चौकशी तातडीची निघाली. त्याच्या पुढच्या वर्षी अक्कांचं गुडघ्याचं दुखणं. दर वर्षी कॉक्स टाउनहून एक केक यायचा, दर वर्षी अण्णा म्हणायचे, "जाऊ की या खेपेला." माझं लग्न झालं, मी शेजारच्याच गल्लीत बिऱ्हाड केलं, आणि बंगळूरमध्ये कोण कुठं पळून जाणार आहे असं आम्हा सगळ्यांनाच वाटत राहिलं. साठचं दशक अर्ध्यावर आलं असेल, तेव्हा एका सकाळी अण्णा चौकशीला म्हणून चपला घालायला वाकले आणि उठले नाहीत.

दिवसकार्य झाल्यावरच्या रविवारी आम्ही थोडे जण घरात बसलो होतो. कॉक्स टाउनचे ते गृहस्थ आले. तोच काळा सूट, तीच सैल कॉलर, आणि खांद्यावर गिटार. निरोप मीच धाडला होता, पण ते गिटार घेऊन येतील असं वाटलं नव्हतं. आवाज काढायचं यंत्र त्यांच्या घरून तेव्हाच लिलावात गेलं होतं, ते परत कधी आलंच नाही. त्यांनी अक्कांना नमस्कार केला आणि मला म्हणाले, "विचारा त्यांना, चालेल का."

मी विचारलं. अक्कांनी मान हलवली.

ते सतरंजीवर बसले आणि वाजवू लागले. यंत्राशिवाय त्या गिटारचा आवाज अगदी बारीक, भिंतीपलीकडच्या बोलण्यासारखा. बसल्या जागी ऐकू येईना, म्हणून एकेक जण उठून पुढं सरकला. अक्कांनी पंखा बंद करायला सांगितला. त्यांची बोटं आता थरथरत नव्हती. खालच्या मानेवरून वरच्या मानेवर जायची आणि परत यायची. मला त्यातलं काही कळलं नाही आणि कळतंय असा चेहराही मी केला नाही. अण्णा असते तर त्यांची टाळी इथंही एक घर मागं पडली असती, एवढंच मनात येत राहिलं आणि मला रडू आलं.

वाजवणं संपलं. ते गिटार गवसणीत घालायला लागले. अक्का पदरानं डोळे पुसून माझ्याकडे वळल्या.

"त्यांना सांगा, हे आमचं झालं. आता ह्यांच्या वाटणीचं एकदा वाजवा म्हणावं."

मी सांगितलं. त्यांनी गिटार पुन्हा मांडीवर घेतली.