आईने खरे सांगावे म्हणून

दत्तोपंत डॉक्टरांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ते दवाखान्यात जमिनीवर बसले होते. सोलापुरात गिरणीकामगारांच्या वस्तीत त्यांचा दवाखाना. मी कुर्डुवाडीहून कंपाउंडरच्या जागेसाठी आलो होतो. बिब्ब्याने भाजलेल्या एका पोराच्या पोटावर हात ठेवून ते त्याच्या आजीला म्हणत होते, "काळजीपोटीच घातलात बिब्बा. आता पुन्हा घालू नका, एवढं माझं ऐका." मला ते मुळीच रुचले नाही. म्हटले, इथे जरा शिस्त आणावी लागेल.

शिस्त मी आणली. तापाला नुसता अंगारा लावणारी, देवी टोचायच्या दिवशी मूल लपवणारी, अशी कोणी आई आली की औषधाच्या खिडकीतूनच मी तिला फैलावर घेई. सर्वांत जास्त राग बाळगोळीचा. गिरणीत जाणाऱ्या बाया पाळी सुटेपर्यंत मूल निजून राहावे म्हणून अफूची ती गोळी चाटवीत. "पोटच्या पोराला विष घालता?" असे मी भर गर्दीत विचारी. हळूहळू बाया गोळी दिल्याचे कबूल करीनाशा झाल्या. मला वाटले, सुधारल्या.

एका दुपारी रीळखात्यातल्या गंगूबाई सात महिन्यांच्या मुलाला घेऊन धावत आल्या. जेवणाच्या सुट्टीत घरी गेल्या, तर मूल उठेना. ओठ निळे, श्वास मंद, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या. डॉक्टरांनी विचारले, "काय दिलं होतं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिले. "काय बी न्हाय दिलं. देवाशपथ!"

किती दिले आणि केव्हा दिले, हे कळणे तर अगदी निकडीचे. डॉक्टर मला म्हणाले, "बळवंतराव, जरा चहा सांगून या."

मूल हातचे चालले आणि यांना चहा सुचतो! मी तणतणत बाहेर पडलो, पण पडद्याआड पाय अडला. डॉक्टर म्हणत होते, "बाई, माझी आई शेतावर जाताना मलाही गोळी देत होती. तिची माया काय कमी होती? किती दिलीत?"

बाईंना हुंदका फुटला. "दोन दिल्या की वो. पयली थुकली वाटलं, म्हनून भोंग्याच्या वक्ताला दुसरी दिली. त्या कंपौंडरच्या भ्यानं बोलले न्हाय. वाचंल न्हवं लेकरू?"

डॉक्टरांनी मुलाचे पोट धुतले आणि दिवेलागणीपर्यंत त्याला हातावरून खाली ठेवले नाही. दिवेलागणीला मूल रडले. त्या रडण्याने मला किती धीर आला, ते कसे सांगू? मी औषधांच्या कपाटाकडे तोंड करून उभा राहिलो.

डॉक्टर मला त्या दिवशी एका शब्दाने बोलले नाहीत, आजवर बोललेले नाहीत. बायांनाही त्यांनी उपदेश केला नाही. दवाखान्यामागच्या खोलीत चार पाळणे बांधले आणि मुले सांभाळायला गंगूबाईंच्या सासूबाईंना बसवले. वस्तीतली गोळी त्यानंतर पुष्कळ कमी झाली.

तेव्हापासून एखादी आई बोलता बोलता अडखळली, की मी आपणहून चहा सांगायला उठतो. डॉक्टर स्नेह्यांना हसत सांगतात, "आमच्या बळवंतरावांना चहाचं भारी वेड!"

डॉक्टरसाहेब, आपल्या साठीच्या निमित्ताने आज लिहूनच टाकतो: पित्तामुळे मला चहा सोसत नाही. ईश्वराने आपल्याला निरोगी शंभर वर्षे द्यावीत, आणि चहा सांगायला उठण्याइतके बळ माझ्या पायांत ठेवावे.