चाकांवरचं घर आणि माझा कॉस्टिक सोडा

मिलिटरीत मी ट्रक चालवला, दुरुस्त करणारी माणसं वेगळी होती. पण पेन्शनीत निघून गावाकडं आलो आणि साताऱ्याच्या खाली हायवेला पत्र्याचं शेड टाकलं, तेव्हा पाटीवर मी बेधडक ‘मेकॅनिक’ लिहून घेतलं. चौथी शिकलेल्या माणसानं पाटीवर तरी कशाला कमी शिकायचं?

शेडच्या मागच्या खोलीत आमचा संसार. बायको तासगावकडची. मी नोकरीत आसाम बघितलं, काश्मीर बघितलं. तिनं बघितलं सासर आणि माहेर, तेही यष्टीत उभं राहून. क्वार्टर मिळालं की नेतो, असं मी दर सुट्टीला सांगायचो. ते काही मिळालं नाही.

एकाहत्तरच्या लढाईनंतर चारपाच वर्षांनी, उन्हाळ्याच्या तोंडाला एक गाडी शेडपुढं थांबली. गाडी कसली, घरच होतं. खिडक्यांना पडदे, आत पलंग, गॅसची शेगडी. एक दाढीवाला गोरा आणि त्याची बायको. सगळी थंडी त्यांनी गोव्याला समुद्राकाठी काढली होती. खाऱ्या वाऱ्यानं चाकांवर पांढरे फोड आले होते, भाकरीवर बुरशी यावी तसे. चाकं लोखंडाची नव्हती. ॲल्युमिनियमची होती, ज्याला आम्ही जर्मल म्हणतो. गोऱ्यानं चाकावर बोट फिरवून माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, “यस सर.” मला इंग्रजी तेवढंच येत होतं.

बायको दारातनं बघत होती.

“आवं, आत चूल हाय व्हय?”

“शेगडी हाय.”

“मला एकदा आत नेऊन दावा की.”

“आधी चाकं चकचकीत करतो, मग इचारतो. आत्ताच कुठल्या तोंडानं इचारू?”

“बगा हां. क्वार्टरवानी करू नका.”

गोरा-गोरी चिंचेखाली चटई टाकून आडवी झाली. मी बादलीत कॉस्टिक सोडा कालवला. मिलिटरीत चाकांचं ग्रीस आणि जुना रंग त्यानंच निघायचा, मग फोड निघायला काय झालं? पुढच्या चाकाला चोपडला. चाक फसफसायला लागलं. मी खूश. पाणी मारलं, तर चाक तव्याच्या बुडासारखं काळं. मला वाटलं, सोडा कमी पडला. म्हणून आणखी चोपडला. अशी माझी हुशारी.

बायको आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“आवं सुभेदार, ह्ये काय केलं?”

मी नाईक म्हणून रिटायर झालो. पण माझं काही बिघडलं की ती मला बढती द्यायची.

“आतला मळ वर आलाय,” मी म्हणालो.

“मळ न्हवं, तुमची अक्कल वर आलीया. जर्मलच्या पातेल्याला सोडा लावतं व्हय कुनी? आता त्यो मला आत घील का?”

हे म्हणताना ती हसत नव्हती. मग मलाही हसू येईना.

तिनं पातेलंभर चिंच उकळून आणली आणि माझ्या हातात काथ्या दिला. दोघं घासत बसलो. काळं चाक राखाडी झालं, त्याच्यापुढं काही जाईना. बाकीच्या तीन चाकांना तिनं मला सोड्याचा ब्रश लावूच दिला नाही. ती चिंचेनं अशी उजळली की त्यात माझं तोंड दिसायला लागलं. तेवढाच त्यांच्यात दोष.

गोरा उठला, फेरी मारून राखाडी चाकापाशी थांबला. त्यानं बायकोचे चिंचेनं बरबटलेले हात बघितले आणि मोठ्यानं हसला. तीच संधी बघून मी बायकोकडं बोट केलं, गाडीच्या दाराकडं केलं आणि म्हणालो, “यस सर?”

गोरीनं दार उघडलं. बायकोनं पायरीशी चपला काढल्या.

“अगं, घालून जा.”

“घर हाय न्हवं त्ये?”

ती आत गेली. दार लागलं, इंजिन सुरू झालं आणि गाडी निघालीच. चपला उचलून मी हायवेवर मागं पळालो, “सर! यस सर!” ओरडत. दुसरं काही येतच नव्हतं.

ओळखीच्या एका ड्रायव्हरनं ट्रक हळू केला. “काय रं गड्या, वहिनी पळाली व्हय?”

“फिराय गेलीया.”

“आन् चपला?”

“मी राखतोय.”

तो हसत गेला. मी चपला धरून तसाच उभा. बऱ्याच वेळानं गाडी परत आली. ही पुढं खिडकीपाशी बसलेली, कोपर बाहेर काढून, जन्मभर तिथंच बसत आल्यासारखी. मी चपला खाली ठेवल्या. तिनं पाय घातले.

“कुठवर?”

“उंब्रजपतूर. आतमदी च्या केला मी. लय हलत हुता, पन केला.” मग म्हणाली, “ऱ्हाऊ द्या आता तुमचं क्वार्टर.”

गेल्या पावसाळ्यात तिला उचलूनच गाडीत घालून दवाखान्यात नेली. चपला उंबऱ्याशी राहिल्या. परवा सून म्हणाली, “आबा, ह्या टाकू का?” म्हटलं, राहू दे. ती येणार नाही, एवढं चौथी शिकलेल्यालाही कळतं. पण तिच्या चपला राखायचं काम मला जमतं. पाटीवर लिहिलेलं मात्र कधीच जमलं नाही.